आधी सांगायचं, मग हात लावायचा

किला गेटजवळच्या घरात सूर्याजीराव पक्षाघाताने अंथरुणाला खिळले होते. अशा माणसाला कुशीवर कसं वळवायचं, हे त्यांची बायको कुमुदिनी मोबाइलवरून लोकांना शिकवायची. व्हिडिओ काढायचं आणि कापाकापी करायचं काम मुलगी हर्षिताकडे.

कुमुदिनी आधी नवऱ्याच्या कानाशी वाकायची. "अहो, उजव्या कुशीवर घेतेय हं. भिंतीकडे." त्यांची पापणी हलली की मगच खांद्याला हात लावायची. असं का करायचं, तेही सावकाश समजावून सांगायची.

"आई, लोक इथेच पळतात," हर्षिता एकदा म्हणाली. "इतना टाइम किसके पास है? हात कुठे, चादर कशी ओढायची, बस."

"काप मग."

बोलणं कापलं. व्हिडिओ खूप चालला.

उन्हाळ्यात सूर्याजीराव गेले. कुमुदिनीला रडू आलं नाही. भूकही लागेना. कूस बदलायची वेळ झाली की ती उठून रिकाम्या पलंगापाशी जायची, उभी राहायची, परत येऊन बसायची.

एका दुपारी हर्षिताने कमेंट वाचून दाखवली. मुरैन्याच्या तरुण नावाच्या कुणी लिहिलं होतं, 'बिल्कुल आपकी तरह करते हैं, फिर भी हाथ लगाते ही बाबूजी चीखते हैं. क्या गलत हो रहा है?'

"हात लावायच्या आधीचं त्याला सांगितलंच नाही आपण," कुमुदिनी म्हणाली. "कापलेलं आहे का?"

"डिलीट केलं गं. फोन भरला होता."

"मग तू झोप तिथे."

फोन खिडकीत टेकवून हर्षिता वडिलांच्या पलंगावर आडवी झाली. कुमुदिनी वाकली.

"अहो, उजव्या कुशीवर घेतेय हं. भिंतीकडे."

हर्षिताने डोळे घट्ट मिटले. कुमुदिनी थांबली. थांबायचं, एवढंच तिला आठवत होतं. पुढचे शब्दच येईनात.

"आई, का थांबायचं ते सांग ना," हर्षिता पडल्या पडल्या म्हणाली.

"न सांगता हलवलं तर आपण पडतोय असं वाटतं त्यांना," कुमुदिनी कोरड्या आवाजात म्हणाली. "बोलता येत नसलं तरी भीती वाटतेच."

या वेळी हर्षिताने काहीच कापलं नाही. बहुतेक लोक त्या थांबण्यापाशीच व्हिडिओ सोडून गेले. काही दिवसांनी तरुणचं उत्तर आलं. बाबूजी अजून कण्हतात, पण ओरडत नाहीत.

हर्षिता आईच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे काही हललं नाही.

"त्याला विचार," कुमुदिनी म्हणाली, "पाठ कोरडी ठेवतात का म्हणावं. ओली राहिली की जखमा होतात."