मिठाचा अंदाज

"एवढुसं? ह्ये काय कोंबडीच्या पिलाला वाढलंय?" एवाजनं वाटी ढकलली, तसा आतला भात सतरंजीवर सांडला.

"डाक्तरानं सांगितलंय तेवढंच हाय," त्याची बायको गुलसूम भात गोळा करत म्हणाली. "पोट कापून मूठभर ठेवलंय तुमचं. थोडं थोडं, पण घडीघडीला खायाचं."

"मंग मेंढरं कवा राखू? का मीबी त्यांच्यासंगं रवंथ करत बसू?"

सबलान डोंगराच्या उतारावरच्या त्या गावात एवाज म्हणजे नावाजलेला खाणारा. एका बैठकीला मेंढीचं अख्खं मुंडकं फस्त करायचा. पोटात गाठ निघाली, शहरात नेऊन जठर कापलं, जीव वाचला. पण डॉक्टरनं त्याचा तोरा काही कापला नव्हता. चिमूटभर खाणं त्याला अपमानाचं वाटे, म्हणून तो उपाशी राही. मग एका लग्नात त्यानं भरलं ताट चेपलं, वर साखरेचे खडे दातांत धरून चहावर चहा ढोसला. थोड्याच वेळात घामानं डबडबला, छाती धडधडायला लागली आणि गडी वऱ्हाडातच आडवा झाला.

गुलसूमनं त्याला बटाटे तोलायच्या काट्यावर उभं केलं. वजन आणखी उतरलं होतं.

"असंच वाळत गेलात तर डाक्तर नळीनं भरवंल. अन् उन्हाळ्यात वरच्या कुरणावर आपली मेंढरं दुसराच कुणी नेईल."

कुरणाचं नाव निघताच एवाजची नजर डोंगराकडं गेली. खाल्लं मात्र नाहीच.

दुसऱ्या दिवशी गुलसूम बायकांच्या तंदुरावर रोट्या भाजायला गेली, ती बऱ्याच उशिरानं परतली. पाठोपाठ शेजारीण तेल्ली दह्याच्या कढणाची वाटी घेऊन दारात.

"एवाजदादा, पडशानं माझी जीभ मेलीया. मीठ बरूबर हाय का, बघा की जरा."

एवाजनं एक चमचा चाखला. डोळे मिटून आणखी एक. खात्री करता करता वाटीचा तळ लागला. "जरा कमी हाय," त्यानं ऐटीत निकाल दिला.

थोड्या वेळानं गिरणीवाल्याची बायको खिमा घेऊन आली. मग कुणी पनीर, कुणी घट्ट दही. रोज हेच.

"गावातल्या बायांना झालंय तरी काय?" तो गुलसूमला म्हणाला. "एकीलाबी मीठ कळंना!"

"तुमच्यावाणी जीभ कुणाला हाय?" म्हणत तिनं पाठ फिरवली. तिचे खांदे हलत होते.

बर्फ वितळलं, उतारावर गवत आलं. एवाजचा ढिला झालेला पट्टा पोटावर पुन्हा नीट बसू लागला. काट्यावरही चार किलोची भर दिसली. मेंढरं तोच नेणार हे ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी घाईघाईत तेल्ली आली. "दादा, मीठ बघा," म्हणून तिनं त्याच्या हातावर अंडं ठेवलं. उकडलेलं. टरफलासकट.

एवाजनं अंड्याकडं पाहिलं, तेल्लीकडं पाहिलं, मग चुलीपाशी तोंडाला ओढणी लावून बसलेल्या बायकोकडं पाहिलं. सगळा गाव त्याच्या डोळ्यांपुढून वाट्या घेऊन सरकला.

त्यानं सावकाश टरफल काढलं. बारीक बारीक घास चावून अंडं संपवलं, मिशी पुसली.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला. "आणिक एक आण."