फिडलवाल्याचं नाव काय?

गुरुवारी दुपारी आमच्या फर्ममध्ये वर्ग भरतो. वकिलांना दरवर्षी ठरावीक तास शिकावंच लागतं, नाहीतर सनद अडचणीत येते. म्हणून मोठ्या खोलीत सँडविचचे ट्रे मांडतात, कुणीतरी बोलतं आणि बाकीचे चावत ऐकतात. ओटावाच्या या फर्ममध्ये पेटंटचं काम करता करता माझे केस पिकले. पण त्या गुरुवारसारखं डोकं कधी तापलं नव्हतं.

विषय ताजा होता. यंत्राने रचलेल्या गाण्याचा कर्ता कोण? यंत्र, ते चालवणारा, की ज्यांची हजारो गाणी न विचारता यंत्राला चारली ते? यावरून कोर्टाकोर्टांत जुंपली आहे. बोलणार होती आमची तरुण वकील मेव्ह गॅलंट; तिने अख्खा हिवाळा त्यात जीव ओतला होता. ती माझ्या शेजारच्या खोलीत बसायची. निकाल वाचून दाखवायची, मी खोड्या काढायचे, ती चिडायची. केप ब्रेटन बेटावरची पोर. तिचे वडील गावच्या नाचांमध्ये फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचे. त्यांनी बांधलेली धून कुणीतरी ध्वनिमुद्रित केली, कर्त्याच्या जागी ‘पारंपरिक’ असं छापलं आणि खुशाल विकली. वडिलांनी कधी दावा लावला नाही. मेव्हने तोच किस्सा व्याख्यानात घातला होता. "हे मी चारदा लिहून खोडलं बघ, ल्युडमिला," ती म्हणाली होती.

आदल्या आठवड्यात डेस्मंड थॉर्बर्न या ज्येष्ठ भागीदाराने ते सगळं मागून घेतलं. "एकदा नजर घालतो. तुझी ओळखही मीच करून देईन."

गुरुवारी तो माइकपाशी गेला आणि सरळ बोलायलाच लागला. पडद्यावर मेव्हच्या स्लाइड, खाली नाव थॉर्बर्नचं. मी मेव्हकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"केप ब्रेटनचे एक फिडलवाले माझ्या चांगल्या परिचयाचे," थॉर्बर्न म्हणाला. आवाज दाटल्यासारखा केला त्याने! पुढच्या रांगेत कुणीतरी हळहळलं. मग त्याने कायदा वाचून दाखवला: नोकराच्या कामाची मालकी धन्याकडे जाते, पण त्या कामावर नाव लावण्याचा हक्क कर्त्याचाच राहतो.

टाळ्या पडल्या. कुणाला काही विचारायचंय का, म्हणाला. मेव्ह उभी राहिली.

"डेस्मंड, त्या फिडलवाल्याचं नाव काय?"

"नाव... खासगी बाब आहे ती."

"बरं, वाजवायचे कुठल्या गावात?"

"मेव्ह, आपण कायद्यावर बोलू या का?"

"कायद्यावरच बोलतेय मी. त्यांचं नाव अल्फॉन्स गॅलंट. माझे वडील आहेत ते. तुम्ही त्यांना उभ्या जन्मात भेटलेला नाहीत."

खोलीतलं चावणं थांबलं. थॉर्बर्न हसला. "अगं, पगार फर्म देते, काम फर्मचं. एवढं तरी कॉलेजात शिकवलं असेल की!"

चार-दोन जण हसले. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मालकी फर्मची, कबूल," मेव्ह म्हणाली. "पण नाव कर्त्याचं, हे आत्ता तुम्हीच वाचलंत. वाचताना कळलं नाही का?"

मी उठले. "हे तिने लिहिलंय. माझ्या डोळ्यांदेखत."

"ल्युडमिला, तू बस."

"नाही बसणार."

फर्मच्या प्रमुख इंग्रिड हॅल्वर्सननी वर्ग तिथेच मोडला आणि आम्हा तिघांना आत बोलावलं. "घरातली भांडणं घरात. हेच व्याख्यान पुढे टोरोंटोच्या परिषदेत आहे, तिथे दोघांची नावं टाकू. डेस्मंडचं आधी, ज्येष्ठ म्हणून."

"यातली एक ओळ त्यांनी लिहिलेली दाखवा," मेव्ह म्हणाली, "आणि खुशाल त्यांचं नाव आधी टाका."

"प्रश्न ओळींचा नाही, ज्येष्ठतेचा आहे," थॉर्बर्न म्हणाला.

"मग माझं एकटीचं टाका, नाहीतर यातलं अक्षरही वापरू नका. आणि माझ्या वडिलांचा किस्सा कुणी सांगायचा नाही."

थॉर्बर्न टोरोंटोला गेला आणि भलत्याच विषयावर बोलून आला. माफी त्याने मागितली नाही, कुणी मागायलाही लावली नाही. उलट भेटेल त्याला सांगत सुटला, "पोरगी गुणी आहे, पण तापट." तापट! ज्याच्या घरी चोरी झाली त्याने काय आरती ओवाळायची? आणि कहर म्हणजे, सनदेसाठी लागणाऱ्या तासांच्या वहीत त्या दुपारची नोंद ‘व्यावसायिक नीती’ या सदरात झाली, शिकवल्याचे जादा तास थॉर्बर्नच्या खात्यात. ते रद्द करा म्हणून मी इंग्रिडबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "व्याख्यान तर झालंच ना?"

मेव्हकडे येणारी कामं आटली. उन्हाळा सरायच्या सुमारास ती हॅलिफॅक्सला निघून गेली, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे खटले लढवणाऱ्या छोट्या फर्ममध्ये. तिथे तिने तेच व्याख्यान दिलं, वडिलांना विचारून, त्यांच्या नावानिशी. फोनवर सांगताना ती रडली, मग मलाच म्हणाली, "तू रडू नकोस गं."

मी अजून इथेच आहे. दर गुरुवारी, बोलणाऱ्याने तोंड उघडण्याआधी मी विचारते, "हे लिहिलंय कुणी?" थॉर्बर्न मोठ्याने सुस्कारा टाकतो, "झालं हिचं सुरू." टाकू दे. मागच्या महिन्यात एका भागीदाराने माझा प्रश्न ऐकून घसा खाकरला आणि मागच्या रांगेतल्या दोघींची नावं घेतली. मी म्हटलं, "मग त्यांनाच बोलू द्या की." तो लाल झाला, पण बाजूला सरकला.