थिबोडो टेकडीवरचा घोडा

मित्रांनो, मी एक म्हातारा घोडा आहे. शर्यतीत पळणारा नव्हे, आणि वरातीत नाचणारा तर नव्हेच. मी जंगलातून लाकडाचे ओंडके ओढून आणणारा घोडा आहे. माझे नाव चेस्टर. वय सव्वीस, आमच्यात हे वय म्हणजे फार झाले. माझे खूर तुमच्या जेवणाच्या ताटाएवढे आहेत, पण आता सकाळी उठून उभे राहायलाच मला बराच वेळ लागतो.

मी चार वर्षांचा होतो तेव्हा रोलांडने मला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या या टेकडीवर आणले. टेकडी त्याच्या बायकोच्या, आर्लीनच्या माहेरची, थिबोडो घराण्याची. तिच्या वडिलांनी जाताना ती आर्लीन आणि तिचा धाकटा भाऊ लीलँड, अशा दोघांच्या नावे केली होती. लीलँड दूर शहरात राहत असे. जंगलाचे सगळे काम रोलांड पाही.

मला काम शिकवले ते नेलीने. ती माझ्या जोडीची घोडी, माझ्याहून बरीच मोठी. रोलांडने 'जी' म्हटले की उजवीकडे वळायचे आणि 'हॉ' म्हटले की डावीकडे, हे मला कळेपर्यंत ती मला खांद्यानेच ढकलत असे. रोलांड झाडाझाडापाशी थांबे, बुंध्यावर हात फिरवी, मान मागे टाकून शेंडा बघे आणि मग कुठे तोडायच्या एखाद्या झाडाला निळ्या रंगाचा ठिपका देई. वाकडे, पोखरलेले, दुसऱ्याचा उजेड अडवणारे झाड तो तोडायचा. चांगली मेपलची झाडे ठेवायचा. ओंडके आम्ही दोघे ओढून खाली रस्त्यावर आणत असू. आमच्यामागे फक्त खुरांचे ठसे उरत, आणि पुढच्या पावसात तेही बुजून जात. दूरदूरचे लोक ते काम बघायला येत, आमचे फोटो काढत. जत्रेत ओझे ओढण्याच्या स्पर्धेत आम्हाला दोनदा पहिले बक्षीस मिळाले. त्या दिवसांत मला वाटे, हे असेच चालणार.

एका फेब्रुवारीत रोलांड गाडीत बसून दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. घोड्याला कोणी काही सांगत नाही. तबेल्याचे दार वाजले की मी मान वर करी. दारात आर्लीन असे, रोलांडचा कोट घालून. वास त्याचा आणि पाऊल तिचे. मला खरे काय ते समजायला बर्फ वितळावे लागले.

पुढच्या वर्षी नेली गेली. तिला खालच्या कुरणात पुरले. मग मी एकटा उरलो, आणि आर्लीनही. मूलबाळ तिला नव्हते. हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ बाजूला करणारी गाडी येई, तिच्यातला माणूस हात हलवी, आणि तेवढीच काय ती आठवड्याची भेट. मला खरारा करताना आर्लीन मला सगळे सांगे. छप्पर गळते आहे, गुडघा दुखतो आहे, जमिनीच्या कराचा कागद आला आहे. मी कान हलवत असे. माझा साज खुंटीवर लटकून वाळत चालला होता.

गेल्याच्या गेल्या वर्षी लीलँडचे पत्र आले. आपण दोघांनीही सत्तरी ओलांडली, आता या जमिनीचे काय ते ठरवून टाकू, असे त्यात होते. मग टेकडीवर माणसे येऊ लागली.

पहिला आला घरे बांधणारा. त्याला वरच्या कड्यावर सुट्टीत राहण्यासाठी वीसेक घरे उभारायची होती. त्याने मला थोपटले आणि आर्लीनला म्हणाला, "घोडा असू द्या. पाहुण्यांना आवडतो." दुसरा होता लाकडाच्या कंपनीचा माणूस. त्याने बुंधे मोजले आणि सगळी चांगली मेपल एकदमच काढून न्यायची तयारी दाखवली. जंगल पुन्हा वाढते, तुमच्या नातवंडांना मिळेल, असे तो म्हणाला. आर्लीनने त्याला फाटकापर्यंत पोचवले.

तिसरी आली मेरिडिथ. जमिनी राखणाऱ्या एका संस्थेत ती काम करत असे. कुंपणाला टेकून तिने आर्लीनला सावकाश समजावले. जमीन तुमचीच राहील. तुम्ही इथे राहा, उद्या विका, बेताने लाकूडही काढा. फक्त तुकडे पाडून घरे बांधण्याचा हक्क तुम्ही कायमचा सोडून द्यायचा. पुढचा कोणताही मालक तो परत आणू शकणार नाही. संस्था काही मोबदला देईल, पण घरे बांधणाऱ्याइतका नाही.

"कायमचा म्हणजे किती?" आर्लीनने विचारले.

"कायमचा म्हणजे कायमचा," मेरिडिथ म्हणाली. "इथे मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही."

"अगं, उद्या सकाळी मला उठता येईल की नाही याचा भरवसा नाही, आणि मी कायमचं काय लिहून देऊ? अजून जन्मालाही न आलेल्या माणसांचे हात बांधणारी मी कोण?"

 मेरिडिथ कागद ठेवून गेली.

ऑक्टोबरात लीलँड आला. त्याच्या पिशवीत घरे बांधणाऱ्याचे कागद होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला परतायचे होते. पण आदल्या दिवशीच्या वादळात एक मोठे स्प्रूसचे झाड रस्त्यावर आडवे पडले होते. लीलँड गाडी खालीच सोडून धापा टाकत चढून वर आला; आर्लीनची गाडी वरच अडकली होती. गावातल्या लाकूडतोड्याला फोन केला, तर तो म्हणाला, दोन दिवस तरी लागतील. आर्लीनने फोन ठेवला, तबेल्यात आली आणि माझा साज खुंटीवरून काढला. कातडे जागोजागी तडकले होते. तिने तिथे दोर बांधले.

"आर्लीन, अगं तो मरेल," लीलँड म्हणाला.

"उभ्या उभ्या मरतोच आहे. तू करवत घे."

लीलँडने रोलांडची करवत चालवून खोडाचे तीन तुकडे केले. साखळी ताणली गेली, खांद्यावर भार आला आणि मित्रांनो, मला पुन्हा मी कोण आहे ते आठवले. पहिले दोन तुकडे मी ओढले. तिसरा चिखलात रुतला. माझे पाय थरथरू लागले. लीलँडने ओंडक्याखाली दांडा घातला, सगळे अंग त्यावर टाकले आणि ओरडला, "जी!" वळायचे होते डावीकडे. मी आपला डावीकडेच वळलो. ओंडका सुटला, आणि आर्लीन हसली. तिचे हसणे मी कितीतरी वर्षांनी ऐकले.

मग दोघे त्याच ओंडक्यावर बसले. मी शेजारी उभा होतो, अंगातून वाफा निघत होत्या.

लीलँड म्हणाला, "बाबांनी कागदावर माझं नाव घातलं, पण जंगलात कधी नेलं नाही. नेलं ते तुला. विकून टाकलं की निदान 'जायला हवं, जायला हवं' हे तरी डोक्यातून जाईल."

"मग येत जा ना. कोणी अडवलंय?"

"कोणी बोलावलंय?"

 आर्लीन म्हणाली, "मला वाटलं, तुझीच जमीन आहे. आपल्या घरी यायला बोलावणं लागतं का?"

"लागतं," लीलँड म्हणाला.

दुसऱ्या दिवशी परतायचे होते, तरी तो पाच दिवस राहिला. रोज सकाळी ते दोघे हद्दीच्या दगडी बांधावरून फिरत. एकदा माझ्या कुंपणाशी थांबून आर्लीनने त्याला जे सांगितले, ते तिने मलाही कधी सांगितले नव्हते. घरे बांधणाऱ्याच्या कागदावर सही करायला तिने एकदा पेन हातात घेतले होते. पैशासाठी नाही. समोरच्या खिडक्यांत दिवे दिसतील म्हणून. पायरीवर पडले तर कोणीतरी बघेल म्हणून.

"मग केली का नाहीस?" लीलँडने विचारले.

"ते लोक सुट्टीपुरते येणार. बाकीचे दहा महिने बंद घरांकडे बघत बसायचं, त्यापेक्षा झाडं बरी. झाडं निदान इथेच असतात."

डिसेंबरात दोघांनी मेरिडिथच्या कागदावर सह्या केल्या. आर्लीनची एकच अट होती. खालच्या कुरणाच्या कडेला एका घरापुरती जागा मोकळी सोडायची. ती लीलँडसाठी. वसंतात तो आला, त्या जागेवर त्याने चार खुंट्या ठोकल्या आणि खूश होऊन गेला. त्यानंतर त्याची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. दर रविवारी त्याचा फोन येतो. खुंट्यांभोवती आता गवत वाढले आहे.

मिळालेल्या मोबदल्यातून छप्पर दुरुस्त झाले. गेल्या हिवाळ्यात झाडे निवडून काढायला माणसे आली, एक लहानसे यंत्र घेऊन. मी कुंपणापाशी उभा राहून बघत होतो. त्यांनी वाकडी झाडे तोडली, चांगली ठेवली, जमीनही फारशी उकरली नाही. काम चांगले होते. मला वाईट वाटले ते त्याचेच. माझ्यावाचून काही अडले नाही.

टेकडी वाचली. रात्री अस्वले निर्धास्त फिरतात, झऱ्याचे पाणी स्वच्छ आहे. आर्लीन म्हणते, आपण बरोबर केले. मलाही तसेच वाटते. पण कड्यावर आता कधीच दिवा लागणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे, आणि संध्याकाळी ती तबेल्यात जरा जास्तच वेळ रेंगाळते.

मित्रांनो, तुमच्या गावाजवळही कोणीतरी एखादे रान, एखादा माळ, एखादे तळे राखले असेल. राखले गेले म्हणून निश्चिंत होऊन त्याला विसरू नका. तिथे जा. त्यातून चाला. ज्यांनी ते राखले त्यांच्या दारात घटकाभर बसा. आणि कुंपणाशी एखादे म्हातारे जनावर उभे दिसले, तर त्याच्या मानेवर हात ठेवा. आम्ही दिवसभर तिथेच असतो.