होस्ट आल्यावर मीटिंग सुरू होईल

"अगं, जरा इकडे सरक. अर्धीच दिसतेस."

"अर्धीच बरी," बायको म्हणाली. "पुरती दिसले तर तुमचे साहेब घाबरायचे."

तरी ती सरकली. सरकताना नाकातली नळी ताणली गेली, तेव्हा लिंककाकांनी वाकून खुर्चीच्या पायात अडकलेलं तिचं वेटोळं सोडवलं आणि ऑक्सिजनचं यंत्र पायानेच पुढे ढकललं. मग पडद्याकडे पाहिलं. चौकटीत आता दोघं दिसत होती. कोट घातलेला एक वाळकुडा माणूस आणि त्याच्या शेजारी केस नीट विंचरलेली, नळी लावलेली बाई. काकांनी कॅमेरा बंद केला. अजून वेळ होता.

पंप विकणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सगळे लिंककाका म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं होतं. तरुणपणी ते टेलिफोनच्या बोर्डावर बसायचे. "एक मिनिट हं, जोडून देतो," एवढंच वाक्य दिवसभर म्हणायचे. पुढे बोर्ड भंगारात गेला आणि गावोगावच्या शाखा पडद्यावर भेटू लागल्या, तेव्हा मोठे साहेब म्हणाले, जोडायचं काम काकांचंच, दुसऱ्या कोणाला कशाला शिकवा? तेव्हापासून कंपनीतल्या प्रत्येक मीटिंगची लिंक काकांच्या खात्यातून निघे. दार तेच उघडत, बाहेर खोळंबलेल्यांना एकेक करून आत तेच घेत, कोणाच्या घरातलं भांडण ऐकू आलं तर त्याचा माइक तेच बंद करत. पडद्यावर त्यांच्या नावापुढे 'होस्ट' असं लिहिलेलं असे. होस्ट म्हणजे यजमान म्हणे. कसला यजमान आणि कसलं काय, दारावरचा माणूस. सगळे आत आले की काका कॅमेरा बंद करून मूग गिळून बसत. कंपनीत त्यांच्याइतक्या मीटिंगा कोणी ऐकल्या नसतील आणि त्यांच्याइतकं गप्पही कोणी बसलं नसेल.

बायकोचं फुप्फुस दगा देऊ लागलं, तेव्हा त्यांनी घरून काम करायची परवानगी मागितली. साहेबांनी ती दिली, आणि वर दोन माणसांचं कामही दिलं. घर म्हणजे दोन खोल्या. सुरुवातीला ती बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पडून असायची. एकदा विक्रीचे आकडे चालू असताना काकांचा माइक चुकून उघडा राहिला आणि तिला खोकल्याची उबळ आली. साहेब बोलता बोलता थांबले.

"कोण खोकतंय ते? काका, काढा हो त्याला बाहेर."

दहा शाखांमधली माणसं हसली. काकांनी स्वतःचाच माइक बंद केला आणि "काढलं साहेब" असं लिहून पाठवलं. मागे वळून पाहिलं तर ती उठून भिंतीला धरत आतल्या खोलीकडे निघाली होती. त्या दिवसापासून मीटिंग म्हटली की ती आत जायची, दार लावून घ्यायची आणि खोकला आलाच तर उशीत तोंड खुपसायची. काकांनी तिला कधी तसं सांगितलं नव्हतं. पण नको जाऊस, असंही कधी म्हटलं नव्हतं, आणि हे त्यांना रात्रंदिवस डाचत असे.

गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता इथे आणत जाऊ नका, घरीच ठेवा, त्यांना हवं-नको ते बघा. दोघांनाही काय ते समजलं. काका महिन्याभरात निवृत्त होणार होते. घरी परतताना रिक्षात ती म्हणाली, "तुमच्या निरोपाच्या मीटिंगला मी बाहेर बसले तर चालेल?"

"अगं, चालेल म्हणजे काय."

"इतकी वर्षं दाराआड गप्प बसले. ती माणसं तुमच्याबद्दल काय बोलतात ते एकदा ऐकायचंय मला. नाहीतर गप्प बसले ते कोणासाठी?"

त्याच दिवशी काकांच्या डोक्यात एक बेत शिजला. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस साहेबांना फसवायला निघाला होता.

त्याचं असं की, कंपनीतून कोणी निवृत्त झालं की साहेब चार शब्द बोलत, आणि ते चार शब्द काकाच लिहून देत. निष्ठा, वक्तशीरपणा, हसतमुख स्वभाव, आणि शेवटी, 'कुटुंबीयांच्या सहकार्याशिवाय हे शक्य नव्हते.' नाव बदललं की झालं काम. एका महाखडूस गोदामप्रमुखालाही हसतमुख म्हणून झालं होतं. साहेब कागद आधी कधी वाचत नसत. समोर येईल ते घडाघडा वाचून मोकळे होत. यंदाही त्यांनी निरोप पाठवला होता, "काका, तुमच्यावरचं तुम्हीच लिहा, तुम्हाला सवय आहे." काकांनी निष्ठा ठेवली, वक्तशीरपणा ठेवला, हसतमुख खोडलं. कुटुंबीयांच्या वाक्यापाशी आले आणि अडले. दोन दिवस अडून राहिले. मग त्या जागी असं लिहिलं: 'त्यांच्या घरी एक बाई आहेत. आपल्या सगळ्या मीटिंगा त्या बंद दाराआड बसून सोसत आल्या. त्यांचा आवाज आपण कधी ऐकला नाही, कारण त्यांनी तो ऐकू येऊ दिला नाही. कंपनी त्यांची ऋणी आहे.' वाचताना साहेबांच्या लक्षात येईपर्यंत शब्द तोंडातून निघून गेलेले असतील आणि दहा शाखांनी ऐकलेलेही असतील. मग रागावू देत. रागावून निवृत्त माणसाचं काय वाकडं करणार?

निरोप दुपारचा ठरला होता. सकाळी साहेबांनी तो तिमाहीच्या संध्याकाळच्या आढाव्याला जोडून टाकला. "आधी आढावा, मग काका. नंतर मला विमान गाठायचंय." काकांनी मुकाट्याने लिंकची वेळ बदलली.

आढावा सुरू झाला. चौकटी भरल्या. काकांनी कॅमेरा लावला, तेव्हा कोणीतरी "वा, आज काका दिसतायत" म्हणालं, आणि लगेच आकडे चालू झाले. एका शाखेचा माल पडून होता, तर दुसरीने उधारी वसूल केली नव्हती. साहेब एकेकाची बिनपाण्याने करत होते. बायको ताठ बसली होती. थोड्या वेळाने काकांनी पाहिलं, तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि गळ्याची शीर वरखाली होत होती. ती उबळ दाबत होती.

"आत जातेस का? तुझं नाव निघालं की बोलावतो," ते हळूच म्हणाले.

तिने मान हलवली. बोललं तर खोकला फुटेल, म्हणून बोलली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते टिपून ती पुन्हा पडद्याकडे बघू लागली. माइक बंद आहे, खोकलीस तरी चालेल, हे तिला सांगायचंही काकांना सुचलं नाही. त्यांचं सगळं लक्ष साहेबांच्या तोंडाकडे लागलं होतं.

अखेर साहेबांनी कागद पुढे ओढला.

"हां. तर आज आपल्यातून एक ज्येष्ठ सहकारी..."

आणि चौकटी गेल्या. सगळ्या एकदम. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ राहिली: हे खाते बंद करण्यात आले आहे.

काकांनी पुन्हा पासवर्ड घातला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बोटं कीबोर्डवर असतानाच त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मागे टेकले.

बऱ्याच वर्षांपूर्वी नोकरीवरून काढलेला एक विक्रेता जुन्या खात्यावरून मीटिंगमध्ये घुसला होता आणि साहेबांना सगळ्यांदेखत शिव्या घालून गेला होता. तेव्हा काकांनीच नियम करून घेतला, की जाणाऱ्या माणसाचं खातं शेवटच्या दिवशी ऑफिस सुटायच्या ठोक्याला बंद व्हायलाच हवं. कोणाच्या बाबतीत ढिलाई झाली की ते संगणक विभागाच्या मागे हात धुऊन लागत. आपल्याच नियमातून स्वतः कसे सुटतील? आज सकाळी कामावर बसल्या बसल्या त्यांनी स्वतःच्या नावाचा अर्ज मोठ्या रुबाबात पाठवला होता. मग साहेबांनी निरोप पुढे ढकलला. काकांनी लिंकची वेळ बदलली, अर्ज मात्र तसाच राहिला. उभा जन्म लोकांची खाती बंद करण्यात गेला, पण आपण स्वतःही जाणाऱ्यांतले, हे काही अंगवळणी पडलं नव्हतं.

त्यांनी संगणक विभागातल्या बाईंना फोन लावला.

"काका, मी काहीच केलं नाही हो," बाई म्हणाल्या. "तुमचाच अर्ज. वेळ झाली की आपोआप होतं ते."

"परत उघडता येईल? थोडा वेळ. दहा मिनिटं."

"वरची मंजुरी लागते. तोही नियम तुम्हीच..." त्या थांबल्या. "उद्या सकाळी करून देऊ का?"

"उद्या मी कुठे कंपनीत आहे?"

"काकू कशा आहेत?" बाईंनी विचारलं.

"इथेच बसल्यात," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

तोवर मोबाइलवर ऑफिसच्या ग्रुपात निरोप येऊन पडले होते. काका, मीटिंग बंद पडली. काका, नवीन लिंक पाठवा. 'होस्ट आल्यावर मीटिंग सुरू होईल' असं येतंय, काका, या लवकर. दहाही शाखा दाराबाहेर उभ्या होत्या आणि दार उघडणाऱ्यालाच कुलूप लागलं होतं. काकांनी लिहिलं, 'माझे खाते बंद झाले आहे. साहेब, कृपया आपण नवीन लिंक काढावी.' साहेबांनी जन्मात कधी लिंक काढली नव्हती. त्यांचं उत्तर आलं, 'काका, बघा ना जरा तुम्हीच.' मग थोड्या वेळाने, 'असो. विमानाची वेळ झाली. काकांना शुभेच्छा.' त्याखाली टाळ्या वाजवणाऱ्या पिवळ्या हातांची रांग लागली. रांग थांबली आणि ग्रुपमध्ये कोणीतरी विचारलं, की उद्याच्या मीटिंगची लिंक आता कोण पाठवणार.

काकांनी मोबाइल पालथा ठेवला.

"काय झालं?" तिने विचारलं. बोलायला तोंड उघडलं मात्र, आतापर्यंत कोंडून ठेवलेली उबळ बाहेर पडली. खोकता खोकता ती दुमडली. काका तिची पाठ चोळत राहिले. तिच्या पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता. हिचं आता काय राहिलंय, असं त्यांच्या मनात आलं.

"संपलं," उबळ ओसरल्यावर ते म्हणाले. "माझंच खातं बंद झालं. ते गेले सगळे."

"परत येणार नाहीत?"

"नाही."

तिने मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

"साहेब बोलायला लागले होते," ती म्हणाली. "पुढे काय म्हणणार होते?"

'कोण जाणे' असं म्हणता आलं असतं. काका उठून उभे राहिले. कोटाचं बटण लावलं आणि पडद्याकडे पाठ करून तिच्यासमोर उभे राहून बोलू लागले. पाठच होतं सगळं. निष्ठा झाली, वक्तशीरपणा झाला. 'त्यांच्या घरी एक बाई आहेत' इथेही ते थांबले नाहीत. दार, मीटिंगा, ऐकू न येऊ दिलेला आवाज, कंपनीचं ऋण, शेवटपर्यंत म्हटलं.

ती त्यांच्याकडे बघत होती.

"हे साहेब म्हणणार होते?"

"हो."

"तुमच्या साहेबांना मी जिवंत आहे हेसुद्धा माहीत नाही."

काकांनी कोटाचं बटण सोडलं, पुन्हा लावलं.

"तुम्ही लिहिलंत."

"सगळ्यांचं मीच लिहितो," काका म्हणाले. "पण हे म्हटलं असतं त्यांनी. सगळ्यांसमोर म्हटलं असतं."

तिला हसू आलं, आणि हसण्यातून पुन्हा खोकला. तो थांबेपर्यंत काका तसेच उभे राहिले.

"चांगलं लिहिलंय," दम खात ती म्हणाली. "फक्त ती कंपनी काढा त्यातून. कंपनीला कुठे ओळखते मी."

"मग कोणाला घालू तिथे?"

"बघा तुमचं तुम्ही." तिने डोकं मागे टेकवलं. "पहिल्यापासून म्हणा. सावकाश."

काकांनी पुन्हा सुरुवात केली. आज आपल्यातून एक ज्येष्ठ सहकारी. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांसाठी कागद लिहिले होते. त्यांत साहेब असत, कंपनी असे, ते स्वतः कुठेच नसत. त्यांच्या घरी एक बाई आहेत, ते म्हणाले. त्यांचा आवाज आपण कधी ऐकला नाही, कारण त्यांनी तो ऐकू येऊ दिला नाही.

"मी त्यांचा ऋणी आहे," काका म्हणाले.

तिचे डोळे मिटलेले होते. यंत्र घरघरत होतं. तिला झोप लागली होती की ती ऐकत होती, हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून ते वाक्य त्यांनी आणखी एकदा म्हटलं, जरा मोठ्याने.