कार्यमुक्त

दवाखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या दीपिकाने एक्स-रेच्या कॉम्प्युटरची नेटची वायर उपटली आणि नोंदणीच्या टेबलावरून त्याच्याच आयपी नंबरला, म्हणजे नेटवरच्या पत्त्याला, पुन्हा हाक मारली. उत्तर आलं. यंत्र नेटपासून तुटलेलं, तरी त्याच्या नंबरवर दुसरंच कोणी बसलं होतं.

"फोटो गेला नाही अजून?" डॉक्टरांनी दारातून विचारलं.

आत झाडावरून पडलेला पोचू धापा टाकत होता. त्याच्या छातीचा फोटो गडचिरोलीच्या सर्जनने बघायला हवा होता. भामरागडचा पूल पाण्याखाली. पोचूला नेणं शक्यच नव्हतं.

"दोन मशिनींचा नंबर एकच होऊन राह्यला, सर. मंग दोन्हींचं नेट तुटते."

"दर वेळी हेच. म्हणून तर तुम्हाला सोडता येत नाही."

वरोऱ्याच्या बदलीचा आदेश येऊन अर्धा पावसाळा सरला होता. तिची मुलगी तिथे आजीजवळ होती. हल्ली फोनवर यायलाही कंटाळायची. इथे दीपिका यंत्राला नवा नंबर द्यायची, थोडे दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच.

नेटच्या डब्यातून निघालेली एक वायर लसींच्या खोलीत जात होती. दीपिका तिच्यामागे गेली. फ्रीजच्या आडोशाला मोडीत काढलेला लॅपटॉप चालू होता, आणि त्याची वायर निशा काढत होती. निशा मडावी, नर्स. दोघी एकाच क्वार्टरमध्ये राहायच्या.

"पेशंटले पाहून वायर काढाले पळत आली," निशा म्हणाली.

"नंबर टाकाले कोनं शिकवलं तुले?"

"तूच तं."

"मंग असं काऊन केलं?"

निशा वायर गुंडाळत राहिली. "तू गेली का रूमवर मी एकटीच."

फोटो गेला. सर्जनचा फोन आला, डॉक्टरांनी छातीत नळी घातली, पोचूचा श्वास हळूहळू संथ झाला.

दीपिकाने प्रत्येक यंत्राला वेगळा नंबर कायमचा बांधून दिला. संध्याकाळी वॉर्डात डॉक्टरांना म्हणाली, "जुना लॅपटॉप चालू राह्यला होता, सर."

"आणि तुम्ही गेल्यावर पुन्हा झालं तर?"

निशा पाठमोरी होऊन सलाईन लावत होती.

"निशाले येते," दीपिका म्हणाली. "सगळं येते तिले."

"अरे वा! मग पूल मोकळा झाला की तुम्ही कार्यमुक्त." डॉक्टर निशाकडे वळले. "सिस्टर, तुमचा तो वरोऱ्याच्या बदलीचा अर्ज मात्र आता पुढे पाठवत नाही."

दीपिकाने चमकून पाहिलं. या अर्जाबद्दल निशा तिला कधी काही बोलली नव्हती.

"बरं, सर," निशा म्हणाली, आणि पोचूच्या अंगावरची चादर सारखी करू लागली.