खाकरणं वगळून

चिकट माउस.

ग्रीसने काळी झालेली नखं.

स्टुलावर आईची थुंकायची वाटी, झाकण तिरकं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची सपाट हिरवी रेघ.

उद्या सकाळी आठला आईचं स्वरयंत्र काढणार.

नात आठ महिन्यांची. मोठी झाल्यावर तिला आजीचा आवाज ऐकता यावा, म्हणून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या लेकाने चार दिवस आईला माइकपुढे बसवलं होतं. आज ऐकायला घेतलं, तर चारही फायली मुक्या.

त्याने वायर बदलली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. इंटरनेटवर, लिनक्स वापरणाऱ्यांच्या फोरमवर एकाने लिहिलं होतं, आधी माहिती वाचायला शिका. दुसऱ्याने, माझा प्रॉब्लेम सुटला. कसा, ते नाही. त्याला शिसारी आली. त्या शहाण्यांची, आणि ‘माझं मशीन मीच बघतो’ म्हणून गावभर मिरवणाऱ्या स्वतःची.

“दुकानात दे की रे,” आई घोगरं बोलली. रेघ हलली नाही.

“दुकानदाराला काय कळतंय,” तो पुटपुटला.

“तुला कळतंय ते दिसतंयच.” ती खाकरली, वाटीत थुंकली. रेघ ढिम्म.

“थूः! मर एकदाचं!” तो मशीनवर खेकसला.

रेघ टुणकन उडाली.

तेव्हा त्याला आठवलं. लिफ्टमध्ये तो आधी खडखड बंद करी, मग बिघाड शोधी. इथेही तेच केलं होतं. आईचं खाकरणं ऐकवायचं नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने सिस्टीममध्ये एक ओळ लिहून ठेवली होती: इतक्याहून हळू आवाज आत घ्यायचाच नाही. मग स्वतः खणखणीत बोलून तपासलं, आणि विसरला. आईचं बोलणं खाकरण्याहूनही हळू होतं. चार दिवसांचं बोलणं दारातूनच परत गेलं होतं.

त्याने ती ओळ खोडली, रेकॉर्डिंग सुरू केलं.

“आई, परत सांग ना. सगळं.”

“आता काय सांगू, बाबा? घसा संपला.” ती खाकरली. रेघ थरथरली. “हे घे. एवढंच उरलंय.”

कफ, घरघर, झाकणाचा खुळखुळाट. त्याला उमासे येत होते. बंद करायच्या बटणाला त्याने हात लावला नाही.

पहिल्या दिवशी, ती ओळ लिहिण्याआधी, आईने चाचणीसाठी एक ते दहा आकडे स्वच्छ म्हटले होते. सहा आणि सातच्या मध्ये खाकरली, म्हणून ती फाइल त्याने पुसून टाकली होती.