विहिणीची रूम

आईने गादी उचलून भिंतीला टेकवली आणि मोबाईलचा टॉर्च मारत शिवणीतून बोट फिरवायला लागली.

"ढेकूण नाय," ती बोलली. "असते तर काळे डाग दिसले असते. धर गं निशा इकडून."

मी धरली. गादीच्या खाली कोणाचं तरी कानातलं पडलेलं, आणि चॉकलेटचा कागद. हॉटेलचा साफसफाईवाला साईनाथ दाराला टेकून आमच्याकडे बघत होता. त्याची रूम आम्ही साफ करतोय म्हणून त्याला मजाच वाटत होती.

"मावशी, मंत्री येतोय काय?"

"विहीण येतेय," आई बोलली.

"मग मंत्री परवडला."

आई हसली. मी नाय हसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या ताईचं, संचिताचं लग्न होतं. हॉल डोंबिवलीत, वऱ्हाड नाशिकचं. वऱ्हाडाला जानवसा द्यायचा तो मुलीकडच्यांनी, म्हणून बाबांनी कल्याण-शीळ रोडवरच्या ह्या हॉटेलात रूमा घेतलेल्या. बाकीच्या रूममध्ये कोणी कसंही झोपा, कोणाला काय पडलेली नव्हती. पण एक रूम विहीणबाईंची, म्हणजे यज्ञेशच्या आईची. देवयानीकाकू. ह्या बाईला हॉटेलची भीती वाटते. भुताची वाटते तशी.

गेला आठवडाभर त्या ताईला व्हॉइस मेसेज टाकत होत्या. एकदम गोड आवाज. "संचिता बेटा, टीव्हीचा रिमोट असतो ना, त्याच्यावर संडासापेक्षा जास्त जंतू असतात." मग अजून एक. "रजई हॉटेलवाले कधी धुतच नाहीत गं. मी महाबळेश्वरला एकदा पांघरली, घरी आल्यावर अंगाला खरूज." मग अजून एक. "मी काही म्हणत नाही हो, तुम्ही लोक कराल तेवढं. पण माझं मेलं मनच घेत नाही."

ताई ते मेसेज ऐकायची आणि रडायची. "आई, बाथरूममध्ये एक केस जरी दिसला ना, तर त्या मला आयुष्यभर ऐकवतील."

"मग मीच करून येते ना," आई बोलली. "आयसीयू करते मी, एक रूम काय."

आई कल्याणला एका हॉस्पिटलात आया आहे. पेशंटचं हगणंमुतणं काढते, बेड बदलते, लादी मारते. ताईने सासरी सांगितलेलं, आई हॉस्पिटलमध्ये असते. खोटं कुठाय? त्यांनी नर्स धरलं, हिने धरू दिलं. साखरपुडा नाशिकला झाला तेव्हा आई शेजारच्या विमलाबाईंची पैठणी नेसून गेलेली आणि दिवसभर तोंड मिटून बसलेली, म्हणजे बोलण्यातून काय कळायला नको. मला तर ताईने नेलंच नाय. बोलली, हिचं तोंड सुटतं. ते खरंय, सुटतं.

तर आम्ही टिटवाळ्यावरून निघालो ते नवीन बादली, नवीन मग, घरी धुऊन इस्त्री केलेल्या चादरी आणि हॉस्पिटलात वापरतात त्या औषधाची बाटली घेऊन. आईने डोक्याला प्लास्टिकची टोपी घातली, तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज. जुना ड्रेस. आणि लागली. स्विच, कड्या, रिमोट, फोन, पडद्याची दोरी. कपाटाचा हँडल आतल्या बाजूने. मोरीची जाळी उचलून तिने खालून केसांचा असा गोळा काढला की मला ओकारीच आली.

"बघ," मला दाखवत बोलली, जशी काय मासळी मिळालीय. "हे राहिलं असतं तर ताईचं नाक कापलं असतं."

वऱ्हाडाची बस संध्याकाळी येणार होती. आम्ही दुपारीच काम उरकून घरी जाणार होतो. संध्याकाळी आई परत येणार होती, साडी नेसून, गजरा लावून, बाबांच्या बाजूला उभी राहून या या म्हणायला. असं ठरलेलं.

देवयानीकाकू दुपारीच आल्या. बस सोडून गाडी करून, एकट्या. नंतर कळलं, त्यांना रूम आधी बघायची होती.

मी स्टुलावर चढून पंखा पुसत होते. आई बाथरूममध्ये गुडघ्यावर. दारात एक बाई उभी, नाकाला रुमाल, पायात पिशवीसारख्या कागदी चपला, काखेत स्वतःची उशी. आवाजावरून मी ओळखलं.

"काय चाललंय इथे?"

साईनाथ मागून धावत आला. "मॅडम, साफसफाई चाललीय. ह्या तर तुमच्या..."

"साईनाथ, टॉवेल आण रे दोन!" आई आतून ओरडली.

तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. मग तो गेला.

काकू बाथरूमच्या दारात गेल्या. आईने मान वर केली. टोपी, मास्क, मधे फक्त डोळे. काकू तिच्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या वळल्या, खुर्चीवर पेपर अंथरला, त्याच्यावर रुमाल, आणि बसल्या. बरोबर बाथरूमसमोर.

"चालू दे," त्या बोलल्या. "मी बसलेय."

आईने फ्लश केला, उठायला लागली.

"झालं? अहो बाई, ते ब्रशने काय होतंय? ब्रश कडेच्या आत पोचतो का? हाताने घासा."

"हो," आई बोलली. बारीक आवाजात. स्पंज घेतला.

"आणि ते ग्लोव्हज काढा आधी. त्याच ग्लोव्हजने आख्ख्या हॉटेलचे संडास केले असतील तुम्ही."

"नवीन आहेत, मॅडम."

"सगळे असंच सांगतात."

आईने ग्लोव्हज काढले. मी स्टुलावरून उडी मारली. "ओ मॅडम..."

"ए पोरी!" आई जोरात बोलली. जन्मात तिने मला पोरी म्हटलेलं नाय. "बादली भर. मधे बोलू नको."

तिचे डोळे बघून मी बादली भरली. नळ एवढा जोरात सोडला की अर्धं पाणी बाहेर. काकू बोलल्या, "आजकाल मुलींना कामाची सवयच नाही." आई उघड्या हाताने कमोड घासत होती. त्या औषधाने कातडी सोलवटते, म्हणूनच हॉस्पिटलात ग्लोव्हज देतात. घरी येऊन नारळाचं तेल चोळत बसते ती, तरी बोटं चिरलेली ती चिरलेलीच. काकूंनी पिशवीतून थर्मास काढला, स्वतःच्या कपात चहा ओतला आणि बघत बघत प्यायल्या.

"तिकडे. नाही, अजून आत. हं."

आणि तेवढ्यात ताई आली. हातात फळांची टोपली, वरती रिबिन. ती रूम सजवायला आलेली. मेंदीचे हात, एकदम खुशीत. दारातून आत बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. आधी काकू दिसल्या. मग मी. मग आई, गुडघ्यावर, हात कोपरापर्यंत आत.

"ये गं बाळा," काकू बोलल्या. "बघ ना, हॉटेलवाल्यांनी ही बाई दिलीय. आत्ता कुठे हात चालायला लागलाय तिचा. तूच सांग जरा. तुमच्या इकडच्या बायकांना कसं सांगायचं, मला नाही जमत."

ताईने टोपली टेबलावर ठेवली. रिबिन सरळ केली. मी मनात बोलत होते, बोल. बोल ना, ही माझी आई आहे. लग्न मोडलं तर मोडलं. यज्ञेश तिच्याच ऑफिसात आहे, वागळे इस्टेटला, दोन वर्ष तिच्या मागे होता, तो काय असा सोडून जाणार होता काय?

ताई बाथरूमच्या दारापर्यंत गेली.

"ताई," ती बोलली, "कमोडच्या मागची लादी राहिलीय बघा."

"करते, मॅडम," आई बोलली.

आणि केली.

रिक्षात मी जे तोंड सोडलं ते कल्याण स्टेशन येईपर्यंत. त्या बाईचं खानदान काढलं, ताईचं काढलं, म्हणजे आमचंच. रिक्षावाला आरशातून बघत होता. आई हात मांडीवर उलटे ठेवून बसलेली. बोटं लालभडक.

"झालं तुझं?" शेवटी ती बोलली. "उद्या हॉलवर तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"तिने तुला ताई म्हटलं, आई!"

"मग काय म्हणायला पायजे होतं? मास्क काढून ओवाळायला पायजे होतं तिने मला? तिथे जन्म काढायचाय तिला. तुला काय, तू इथेच भांडशील."

संध्याकाळी वऱ्हाड आलं तेव्हा आई गेलीच नाय. बाबांनी सांगितलं, तिचं डोकं दुखतंय. हाताला पण आग होतीच. रात्री ताई घरी आली. मला वाटलं, रडेल, गळ्यात पडेल. ती आईच्या बाजूला बसली आणि बोलली, "देवाची कृपा, तू मास्क लावलेलास. वाचलो."

"हो ना," आई बोलली.

"रूम आवडली त्यांना. सगळ्यांना सांगत होत्या, कशी चकाचक करून घेतली." मग जरा थांबून, आईचा हात उचलून तिने वास घेतला. "हा वास उद्यापर्यंत जाईल ना गं? सगळ्या पाहुण्यांच्या हातात हात द्यायचाय तुला."

मी पाण्याचा ग्लास फेकला. भिंतीला लागला. बाबा उठून बसले, काय झालं म्हणून. आई बोलली, उंदीर होता.

लग्न चांगलं झालं. म्हणजे सगळे बोलत होते, चांगलं झालं. अक्षता पडल्या, हार झाले, यज्ञेशच्या मित्रांनी त्याला उचलला. मग बायका बोलल्या, विहिणीचे पाय धुवायचेत, विहीणबाईंना आणा. आमच्यात ते असतं. मुलीच्या आईने मुलाच्या आईला पाटावर बसवून पाय धुवायचे, पुसायचे, हळदीकुंकू लावायचं, साडी द्यायची. ताईने आधी आईला विचारलेलं, हे ठेवायचंच का. देवयानीकाकू बोललेल्या, बाकी काही नको, रीत मात्र हवी.

काकू पाटावर बसल्या, पाय परातीत. पायाला काय नखं, काय रंग. पाणी मी आणलेलं, तांब्यात. त्यांनी विचारलं, "बिसलरीचं आहे ना?" सगळ्या हसल्या. मी सांगितलं, आहे. नळाचं होतं.

आई खाली बसली. हिरवी साडी, नाकात नथ, चेहऱ्यावर विमलाबाईंनी लावलेली पावडर. मी तांब्यातून धार धरली. आई पाय चोळायला लागली. एका बाजूला आमच्या बायका चेष्टा करत होत्या, "विहीणबाई, गुदगुल्या होतात काय?" दुसऱ्या बाजूला फोटोवाला वाकलेला.

काकू पुढे झुकल्या. फोटोत वाटेल, दोन विहिणी गुजगोष्टी करतायत. मी एवढी जवळ होते म्हणून ऐकलं.

"काल बाथरूम फार छान केलंत हो तुम्ही."

आईचे हात थांबले.

"दारातच ओळखलं मी. मास्कने काय होतं?" काकू हसत होत्या, फोटोवाल्याकडे बघून. "पण म्हटलं, बघू या मुलगी काय म्हणते. आता मला काही काळजी नाही. सांगितलेलं ऐकते."

"काकू, इकडे बघा," फोटोवाला आईला बोलला. "स्माईल."

तांब्या माझ्या हातात होता. पितळेचा, जड. मी तो उचलला पण होता थोडा. आईने वर न बघता माझं मनगट धरलं, धार परत परातीत आणली.

"दुसरा पाय द्या," ती काकूंना बोलली.

दुसरा पाय दिला. तिने तो धुतला. बोटांच्या मधे, टाचेला, घोट्याला, काही न सोडता. पुसला. कुंकू लावलं. साडी ओटीत घातली. काकूंनी पर्समधून सॅनिटायझर काढला आणि दोन्ही पायांवर मारला, कुंकवावरच. बायका परत हसल्या. बोलल्या, विहीण लय हौशी आहे.

आई उठली आणि सरळ हॉलच्या मागच्या बेसिनकडे गेली. मी मागे मागे. तिने बांगड्या वर सरकवल्या, नळ सोडला, साबण घेतला. तळवे चोळले. मग बोटांच्या मधे. मग अंगठे, एक एक धरून. मग नखं तळहातावर घासली. मग मनगट, मग कोपरापर्यंत. चिरांना साबण झोंबत असणार, पण तोंडावर काय नाय. पाणी मारलं, आणि परत पहिल्यापासून साबण लावला. मागे हात धुवायला लाईन लागलेली. कोणीतरी बोललं, "अहो आवरा, जेवण थंड होतंय." तिने ऐकलं नाय. शेवटी नळ कोपराने बंद केला आणि दोन्ही हात छातीसमोर वर धरून वळली, पाणी कोपरावरून गळतंय.

समोर ताई आणि यज्ञेश. फोटोवाला घेऊन आलेला त्यांना, आईच्या पाया पडायचा फोटो राहिलेला. यज्ञेश पटकन वाकला, उठला. ताई वाकली ती उठलीच नाय. तिची पाठ हलत होती. तिला कोणी काय सांगितलेलं की तिचं तिलाच कळलेलं, मला माहीत नाय.

"काकू, हात ठेवा डोक्यावर," फोटोवाला बोलला. "एक मिनिट तसाच ठेवा."

आईने हात वरच धरलेले.

"ओले आहेत," ती बोलली. "शालू खराब होईल तिचा."